तोंडातला संशयित चट्टा आणि लांबचा तज्ज्ञ : खान्देशातल्या दंतवैद्यांसाठी टेलिकन्सल्टेशनची पद्धत

शिरपूर, साक्री, चोपडा, रावेर, शहादा अशा तालुक्याच्या गावी नव्याने दवाखाना टाकलेल्या बीडीएस डॉक्टरांसाठी हा लेख आहे. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या गालात पांढरट-लाल चट्टा दिसतो आणि प्रश्न पडतो की हे इथेच बघायचे की पुढे पाठवायचे. ओरल मेडिसिनचा (तोंडाच्या आजारांचा) तज्ज्ञ किंवा हेड-नेक सर्जन धुळ्या-जळगावला, नाहीतर नाशिक-मुंबईला. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पेशंटला तर नंदुरबार गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी नीट काढलेले फोटो आणि नीट लिहिलेली नोंद पाठवून दोन दिवसांत तज्ज्ञाचे मत घेता येते.

मात्र फोटोत कडकपणा दिसत नाही. चट्ट्याखालचा भाग घट्ट लागतो का, जखमेची कड उचललेली आहे का, मानेतली गाठ हलते का, हे तुमच्या बोटालाच कळते. ते लिहून पाठवले नाही तर समोरचा कितीही मोठा तज्ज्ञ असला तरी अर्ध्या माहितीवर बोलतो. आणि हा सल्ला पेशंटला लवकर पुढे पाठवण्यासाठी घ्यायचा असतो. त्याच्यामुळे आठवडा वाया जाणार असेल तर तो न घेतलेला बरा.

ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण सापडतात, आणि त्यातले बरेचसे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठी चाचणी झाली. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी साध्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झालेले दिसले. तुमच्याकडे तर खुर्ची, उजेड, आरसा आणि पदवी आहे.

१. पेशंट येण्याआधी करून ठेवायची तयारी

आधी माणसे ठरवा. एक ओरल मेडिसिनचा किंवा ओरल पॅथॉलॉजीचा तज्ज्ञ आणि एक मॅक्सिलोफेशियल किंवा हेड-नेक सर्जन, अशा दोघांशी आधीच बोलून ठेवा. फोटो कोणत्या नंबरवर पाठवायचे, उत्तर किती तासांत येईल, ते सुटीवर असतील तर कोण बघेल, या तीन गोष्टी स्पष्ट ठरवून घ्या. ४८ तासांची मुदत वाजवी आहे. मुदत उलटली तर पेशंटला सरळ पाठवायचे, हेही तेव्हाच ठरवून टाका. सरकारी आरोग्यकेंद्रात काम करत असाल तर ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेतली डॉक्टर-ते-डॉक्टर सोय वापरा, तिथे नोंद आपोआप राहते.

साहित्य महाग नाही:

- मागचा कॅमेरा चांगला असलेला फोन
- गाल ओढायचे दोन प्लास्टिक रिट्रॅक्टर
- दोन माउथ मिरर आणि जमल्यास एक मोठा फोटोग्राफीचा आरसा
- मिलिमीटरच्या खुणा असलेला पेरिओडॉन्टल प्रोब
- गॉज, ग्लोव्ह्ज, गरम पाण्याची वाटी
- तोंड किती उघडते ते मोजायला स्केल किंवा व्हर्निअर
- संशयित पेशंटसाठी स्वतंत्र रजिस्टर

रजिस्टर टाळू नका. फोनच्या गॅलरीत पेशंट हरवतात.

२. कोणासाठी फोटोची वाट पाहायची नाही

काही पेशंट बघताक्षणीच पाठवायचे असतात. फोटो जरूर काढा, पण चिठ्ठी त्याच दिवशी द्या:

- कडक कडांची, हाताला घट्ट लागणारी जखम किंवा फुलकोबीसारखी वाढ
- मानेत कडक, न दुखणारी, न हलणारी गाठ
- हिरडीचा आजार नसताना एकदम हलायला लागलेले दात
- दात काढल्यावर आठवडे उलटूनही न भरलेली खाच
- खालच्या ओठाला मुंग्या किंवा बधिरपणा
- जीभ बाहेर काढता न येणे, गिळताना त्रास, त्याच बाजूचा कान दुखणे

मखमली लाल चट्टा, म्हणजे एरिथ्रोप्लाकिया, याच यादीत धरा. दुखत नाही म्हणून तो साधा वाटतो. पण बायोप्सीत त्यात डिस्प्लेशिया (पेशींमधले कॅन्सरपूर्व बदल) किंवा कॅन्सर निघण्याचे प्रमाण पांढऱ्या चट्ट्यापेक्षा खूपच जास्त असते.

टेलिकन्सल्टेशन खरे उपयोगी पडते ते मधल्या गटाला: पांढरे चट्टे, पांढऱ्यात लाल ठिपके, लायकेन प्लॅनससारख्या जाळ्या, सबम्यूकस फायब्रोसिस (सुपारीने आतली कातडी कडक होऊन तोंड कमी उघडणे), आणि टोकदार दात घासूनही दोन आठवड्यांत न भरलेला व्रण.

३. विचारायचे प्रश्न

"व्यसन आहे का?" असे विचारले की उत्तर "नाही" येते. तंबाखू-चुना इथे कित्येकांना व्यसन वाटतच नाही. थेट विचारा: तंबाखू मळता का, दिवसाला किती पुड्या, कोणत्या गालात धरता, झोपताना तोंडात असते का? गुटखा, मावा, नुसती सुपारी, विडी यांचे वेगवेगळे विचारा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असल्याने बरेच जण तो खातो म्हणून सांगत नाहीत. सुपारी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी घेऊन एकत्र खाणाऱ्याला तो गुटखा वाटत नाही, तेही विचारून घ्या.

बायकांना मिश्रीबद्दल विचारा, आणि शक्यतो सासू किंवा नवरा बाहेर बसलेला असताना. "दात घासायला काय वापरता?" इथून सुरुवात केली तर त्या मोकळेपणाने सांगतात.

सबम्यूकस फायब्रोसिस ओळखायला खान्देशात एक हुकमी प्रश्न आहे: "तिखट सोसते का?" जो माणूस आयुष्यभर ठेचा आणि झणझणीत शेवभाजी खात आला आणि वर्षभरापासून रस्सा बाजूला ठेवून वरणात भाकरी कुस्करतो, त्याचे तोंड आतून बघितल्याशिवाय सोडू नका. भाकरीचा घास लहान करावा लागतो का, हेही विचारा. तोंड कमी उघडायला लागलेले पेशंटच्या लक्षात येत नाही, घास लहान झालेला लक्षात येतो.

पेशंट अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणारा असेल तर आशाताई किंवा घरचे माणूस मध्ये घ्या. उत्तर "हो-नाही"वर सोडू नका, बोटाने जागा दाखवायला सांगा.

४. बघणे आणि चाचपणे

कवळी किंवा पार्शल असेल तर काढायला लावा, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला सांगा. तंबाखूचे कण आणि कात-चुन्याचा थर तसाच राहिला तर फोटोत चट्ट्यासारखा दिसतो.

क्रम ठरलेला ठेवा म्हणजे काही सुटत नाही: ओठ, दोन्ही गाल, वरच्या-खालच्या हिरड्या आणि त्यांच्या बाहेरची खाच, शेवटच्या दाढेमागचा भाग, टाळू, जिभेचा वरचा भाग, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग. आपल्याकडे तंबाखू खालच्या गालफडात धरतात, म्हणून गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच सर्वांत महत्त्वाची. ती नुसता गाल ओढून दिसत नाही, आरशाने खालपर्यंत उघडावी लागते. जिभेची कड बघताना टोक गॉजमध्ये धरून बाजूला ओढा. मागचा एकतृतीयांश भाग आरसा लावल्याशिवाय दिसत नाही आणि नेमका तोच सुटतो.

मग बोट. गालाला आतून तर्जनी आणि बाहेरून अंगठा. जिभेखालच्या भागाला एक बोट आत, दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीखाली. घट्टपणा लिहिताना एकच माप वापरा: ओठाइतके मऊ, नाकाच्या शेंड्याइतके घट्ट की कपाळाइतके कडक. तज्ज्ञाला हे लगेच समजते. उभे दोरीसारखे पट्टे लागतात का, स्पर्शाने रक्त येते का, पांढरा भाग गॉजने पुसला जातो का, हे नोंदवा. पुसला गेला तर बुरशीची शक्यता असते, पण खालची कातडी लाल निघाली तर तिचाही फोटो घ्या.

मान पेशंटच्या मागे उभे राहून तपासा. पेशंटची हनुवटी थोडी खाली घेतली की स्नायू सैल पडतात. हनुवटीखाली, जबड्याखाली, कानाखालून मानेच्या कडेने खालपर्यंत आणि मागच्या त्रिकोणात बघा. गाठ मिलिमीटरमध्ये मोजा. दुखते का, हलते का तेही लिहा.

वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधले अंतर मोजा. ३५ मिमीपेक्षा कमी असेल तर विचार करायला लागा. २० मिमीच्या खाली गेलेल्या तोंडात मागचा भाग तुम्हालाही दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही. अशा पेशंटचे "बाकी तोंड स्वच्छ" असे लिहू नका, "मागचा भाग दिसला नाही" असेच लिहा आणि प्रत्यक्ष तपासणीला पाठवा.

५. फोटो

बहुतेक टेलिकन्सल्टेशन इथे बिघडते. कारणे ठराविक आहेत.

फोन अगदी जवळ नेला की बरेच फोन आपोआप मॅक्रो किंवा वाइड लेन्सवर जातात आणि चित्र पसरट, धूसर येते. ऑटो-मॅक्रो बंद करा, २० ते २५ सेंमी अंतर ठेवा आणि २एक्स झूम घ्या. ब्युटी, फिल्टर, पोर्ट्रेट सगळे बंद. चट्ट्यावर बोट टेकवून फोकस करा आणि उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. पांढरा चट्टा जास्त उजेडात नाहीसाच होतो.

खुर्चीचा दिवा समोरून थेट पाडू नका, ओल्या कातडीवर चमक येते आणि चमकेचा ठिपका फोटोत ल्युकोप्लाकियासारखा, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यासारखा दिसतो. दिवा थोडा तिरका करा. आधी गॉजने लाळ टिपा, मग लगेच फोटो. आरसा गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा, म्हणजे वाफ धरत नाही.

प्रत्येक संशयित जागेचे किमान चार फोटो:

- लांबून एक, ज्यात जवळचा दात ओळखू येईल
- जवळून एक
- प्रोब शेजारी धरून एक, खुणा वाचता येतील असा
- दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेचा एक, तुलनेला

याशिवाय दोन्ही गाल, टाळू, जिभेचा वरचा भाग, दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, आणि तोंड पूर्ण उघडून दातांमध्ये स्केल धरलेला एक.

फोटो आधी, औषध नंतर. स्टेरॉइडची पेस्ट किंवा जेल लावल्यावर पांढरा थर राहतो. संशयित जागा रंगवणारे टोल्युडिन ब्लू लावायचेच असेल तर फोटो काढून झाल्यावर. सुजलेला साधा व्रणही निळा होतो आणि काही खरे चट्टे निळे होत नाहीत, म्हणून त्याच्यावर निर्णय घेऊ नका.

पेशंट खुर्चीवरून उठण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून बघा. धूसर निघाला तर लगेच दुसरा काढता येतो. उद्या तो माणूस केळीच्या गाडीवर कामाला गेलेला असतो.

६. नोंद लिहिणे आणि पाठवणे

पेशंटची लेखी संमती घ्या: फोटो कोणाला, कशासाठी जाणार, हे त्याच्या भाषेत सांगून. चेहरा, डोळे, ओळखू येईल असे गोंदण फोटोत नको. नावाऐवजी रजिस्टरमधला क्रमांक वापरा. कॅमेऱ्याचे लोकेशन बंद ठेवा.

व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो आणि बारीक लाल ठिपके पुसले जातात. सातपुड्याच्या पट्ट्यात रेंज कच्ची असते, तिथे व्हिडिओ कॉलच्या मागे लागू नका. फोटो आणि नोंद पाठवून ठेवा, रेंज आली की जातील.

"सर, जरा बघा, काय वाटते?" एवढ्यावर उत्तर मागणे योग्य नाही. नमुन्यादाखल अशी नोंद पुरते:

"क्र. ३१. पुरुष, ५२. शेतमजूर. तंबाखू-चुना २५ वर्षे, दिवसाला ८-१० वेळा, डाव्या खालच्या गालफडात. चार महिन्यांपासून तिखट झोंबते, दुखत नाही. दात ३६-३७ समोर खाचेत पांढरा-लाल मिश्र चट्टा, २२ × १४ मिमी, पुसला जात नाही. मधला भाग नाकाच्या शेंड्याइतका घट्ट, कडा मऊ. स्पर्शाने रक्त नाही. दात हलत नाहीत. डावीकडे जबड्याखाली १० मिमी गाठ, हलती, न दुखणारी. तोंड ३८ मिमी उघडते. मधुमेह आहे, रक्त पातळ करायची गोळी नाही. प्रश्न: बायोप्सी इथे करावी की थेट पाठवावे?"

शेवटी नेमका प्रश्न लिहिल्याने उत्तरही नेमके येते.

डेंटिस्टांच्या मोठ्या ग्रुपवर पेशंटचे फोटो टाकू नका. दहा जण दहा मते देतात, जबाबदारी कोणाचीच राहत नाही, आणि पेशंटची खाजगी बाब गावभर होते.

७. उत्तर आल्यावर

तज्ज्ञाचे मत तारीख-वेळेसह रजिस्टरमध्ये उतरवा. उत्तर साधारण तीन प्रकारचे असते: लगेच पाठवा, बायोप्सी करा, कारण दूर करून दोन आठवड्यांनी परत दाखवा. तिसऱ्या प्रकारात सर्वाधिक पेशंट निसटतात. चौदाव्या दिवसाची तारीख कार्डावर लिहून द्या आणि तुम्ही स्वतः फोन करा. दोन नंबर घ्या, एक पेशंटचा, एक शेजारच्याचा किंवा आशाताईंचा.

"साधे वाटते" असे उत्तर आले आणि तुमच्या बोटाला मात्र घट्ट लागत असेल, तर तज्ज्ञाला परत फोन करून तेवढेच सांगा. तरीही शंका राहिली तर पाठवा.

दोन आठवडे झाले, व्रण तसाच आहे, आणि आणखी एक बी-कॉम्प्लेक्स, आणखी एक जेल, आणखी एक अँटिबायोटिक दिले जाते. पेशंट तिसऱ्या टप्प्यात पोचण्याचे हे अगदी नेहमीचे कारण. दुसरा कोर्स लिहायचा नाही.

हलणारा दात काढायची घाई करू नका. आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. गाठीतला दात काढला तर जखम भरत नाही आणि पुढच्या सर्जनला मूळ सीमा कळत नाहीत. बायोप्सीशिवाय लेसरने चट्टा जाळणे हेही टाळा, तपासायला काही उरत नाही.

८. बायोप्सी करायचीच असेल तर

स्पष्ट कॅन्सर दिसत असेल तर बायोप्सी उपचार करणाऱ्या केंद्रातच होऊ द्या. मधल्या गटात, तज्ज्ञाने सांगितले आणि तुम्हाला सराव असेल तरच करा. बीपी, साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी बघा. भूल चट्ट्यात न टोचता बाजूने द्या. तुकडा सर्वांत संशयित भागातून, म्हणजे लाल, जाड किंवा खडबडीत जागेतून घ्या, सडलेल्या मध्यातून घेऊ नका. ४-५ मिमीचा पंच चालतो, पण खोली पुरेशी हवी. पूर्ण चट्टा कापून काढायचा नाही.

तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट. स्पिरिट किंवा सलाइन चालत नाही. बाटली रुंद तोंडाची असावी, लेबल झाकणावर न लावता बाटलीवर लावा. सोबत नोंद आणि जागेचे साधे चित्र द्या.

९. पाठवणी

बायोप्सीच्या आधी "कॅन्सर आहे" असे सांगू नका, आणि "काही नाही, सहज दाखवून या" असेही नको. "ही जागा तातडीने तपासायला हवी, लवकर कळले तर इलाज छोटा असतो" एवढे पुरते.

नेमके ठिकाण, दिवस आणि ओपीडी सांगा. जळगाव, धुळे, नंदुरबार इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मोठ्या उपचारासाठी टाटा मेमोरियल, परळ. नंदुरबार-नवापूरकडचे लोक सुरतला जातात, तेही चालेल, पण जायची तारीख पक्की करा.

सोबत द्यायचे कागद:

- आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर ते
- तुमची चिठ्ठी, फोटोंच्या प्रिंट, तज्ज्ञाचे मत
- एक्स-रे किंवा ओपीजी
- बायोप्सी झाली असेल तर अहवाल, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा)

स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडून मागून घ्यावे लागतात. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासतात, आणि ते नसले की पेशंटची एक फेरी फुकट जाते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटायला सांगा. कॅन्सरच्या रुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत असते, तिचा दाखला उपचार करणारे रुग्णालय देते.

हंगामाकडे लक्ष ठेवा. "कपाशी वेचून झाली की जातो" हे उत्तर दिवाळीच्या आसपास हमखास येते, आणि ऊसतोडीला गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सापडलेल्या संशयित पेशंटची तारीख टोळी निघण्याआधीचीच घ्या. घरातल्या कर्त्या माणसाला बोलावून हे समोरासमोर सांगितलेले उपयोगी पडते.

१०. ज्यांच्यात कॅन्सर निघाला नाही

ल्युकोप्लाकिया किंवा सबम्यूकस फायब्रोसिस निघाला तरी पेशंट तुमचाच राहतो. डिस्प्लेशिया नसेल तर साधारण सहा महिन्यांनी, असेल तर तज्ज्ञ सांगेल तसे त्याहून लवकर, आणि प्रत्येक वेळी त्याच जागेचा, त्याच अंतरावरून, प्रोब धरून फोटो. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला की दोन मिलिमीटरची वाढही दिसते.

सबम्यूकसमध्ये सुपारी पूर्ण बंद व्हायला हवी, सुगंधी सुपारीसुद्धा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे. तो कार्डावर छापून घ्या आणि दवाखान्यातूनच, तुमच्यासमोर पहिला फोन लावून द्या. तीस वर्षांवरच्या नातेवाइकांची तोंडेही त्याच भेटीत बघून घ्या, घरात डबी बहुधा एकच असते.